कंट्रोलच निळा पडला

त्या दुपारी रोहूच्या भक्षक पेशींची प्लेट समोर होती आणि तिच्यातल्या ज्या वेलमध्ये, म्हणजे छोट्या खळग्यांमध्ये, वनस्पती-अर्काचा थेंबही घातला नव्हता, तेसुद्धा निळे पडलेले. एनबीटी चाचणीत चेतवलेल्या पेशी सुपरऑक्साइड हे ऑक्सिजनचं जहाल रूप सोडतात आणि पिवळसर एनबीटी रंगद्रव्याचा गडद निळा फॉर्मझान होतो. अर्काविनाचा कंट्रोलच निळा झाला, तर वनस्पती-अर्काने माशाची प्रतिकारशक्ती वाढली की नाही, हे तोलायचं कशाशी?

माशाला अस्थिमज्जा नसते. रक्तपेशी प्रामुख्याने मूत्रपिंडाच्या डोक्याकडच्या भागात, हेड किडनीत, तयार होतात. भूल देऊन माशाला वेदनारहित मृत्यू दिला, की आधी शेपटीच्या शिरेतून शक्य तेवढं रक्त काढायचं. मग हा लालकाळा मऊ भाग उचलून १०० मायक्रॉनच्या नायलॉन जाळीतून एल-१५ या पेशी जगवणाऱ्या माध्यमात गाळायचा. माध्यमात रक्त गोठू न देणारं हेपॅरिन मिलिलिटरला १० युनिट हवंच. नळीत खाली ५१ टक्के परकॉल (पेशी घनतेनुसार वेगळ्या करणारं द्रावण), वर ३४ टक्के, त्यावर पेशी अलगद सोडायच्या. ४०० जी, ३० मिनिटं, ४ अंश, आणि सेंट्रिफ्यूजचा ब्रेक बंद. नाहीतर थर ढवळतात. दोन थरांमध्ये गढूळ पांढरी कडी दिसते. तेवढीच पिपेटने घ्यायची. तळाशी लाल पेशी.

माणसाच्या रक्ताची सवय झालेले हात इथे लाल पेशी फोडणाऱ्या लायसिस बफरकडे वळतात. माशाच्या लाल पेशीत केंद्रक असतं. ती फुटली की डीएनए बाहेर येतो, त्याच्या चिकट तंतूंत पांढऱ्या पेशी अडकतात आणि सगळ्याचे गोळे होतात. परकॉल महाग असला तरी इथे काटकसर करू नये.

निळ्या कंट्रोलचा उलगडा झाला तो प्लेटवर मुद्दाम राखलेल्या वेलमुळे. हेड किडनीत मेलॅनिनने भरलेल्या काळ्या पेशीही असतात आणि ६२० नॅनोमीटरला त्या खोटं रीडिंग देऊ शकतात. म्हणून काही वेल एनबीटीशिवाय ठेवतो. ते स्वच्छ निघाले. दुसऱ्या वेलमध्ये सुपरऑक्साइड संपवणारं एसओडी हे एन्झाइम होतं. तिथला निळा रंग फिका पडला. म्हणजे सुपरऑक्साइड खरंच तयार होत होतं. गाळणं, फिरवणं, धुणं या सगळ्यातून आलेल्या पेशी जेमतेम दोन तास प्लेटवर टेकल्या होत्या. त्या आधीच चेतलेल्या. पुढच्या खेपेला सीरमसह २८ अंशांवर रात्रभर विसावू दिल्या, सकाळी न चिकटलेल्या पेशी धुऊन टाकल्या, आणि कंट्रोल फिका आला.

पुण्यात एप्रिलमध्ये २८ अंशांसाठी थंडही करू शकणारा बीओडी इन्क्युबेटरच लागतो. नुसतं गरम करणारं यंत्र खोलीपेक्षा खाली जात नाही. एल-१५ला कार्बन डायऑक्साइड लागत नाही, ही मोठीच सोय.

एवढी खटपट कशासाठी, तर पाच गट, प्रत्येकी तीन टाक्या, टाकीत पंधरा मासे धरले तर एका अर्काच्या मात्रा ठरवायलाच सव्वादोनशे मासे लागतात, आणि शेवटी त्यांना एरोमोनास जिवाणूचा संसर्गही द्यायचा. वेलमागे पाच लाख पेशी धरल्या, तर एका माशाच्या अडीच कोटी पेशींत पन्नास वेल भरतात. निकामी मात्रा तिथेच गळतात आणि टाकीपर्यंत एखाददुसरीच जाते. लशीची स्मृती, प्रतिपिंडं, माशाचं जगणं-मरणं हे प्लेटवर दिसत नाही, त्यामुळे टाकी पूर्ण सुटलेली नाही. शिवाय प्रत्येक खेपेला एक मासा जातोच. ट्राउटच्या प्लीहेतून आलेली आरटीएस-११ ही मॅक्रोफेज, म्हणजे भक्षक पेशींची, पेशीरेषा (प्रयोगशाळेत पिढ्यान्‌पिढ्या वाढणाऱ्या पेशी) वर्षानुवर्षं वाढते खरी, पण ती थंड पाण्याच्या माशाची. रोहूसाठी रोहूचीच टिकाऊ रेषा हवी. त्यासाठी चिकटलेल्या पेशींचे काही फ्लास्क आम्ही चाचणीला न वापरता तसेच वाढवत ठेवतो.