ओळखचोरी गावात अंगठ्याने होते

ओळखचोरीविषयी जे काही छापून येते, ते बहुतेक फसव्या लिंका आणि ओटीपी यांच्याभोवती फिरते. यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या भागात ज्यांच्या नावाचा गैरवापर झालेला मी जवळून पाहिला आहे, त्यांतल्या बहुतेकांकडे साधा बटनांचा फोन होता. त्यांना कोणतीही लिंक आली नव्हती आणि त्यांनी कोणाला ओटीपीही सांगितला नव्हता. त्यांची ओळख चोरीला गेली ती आधार कार्डाच्या झेरॉक्समधून आणि अंगठ्यातून, आणि म्हणून खेड्यात सावधगिरीची सुरुवात याच दोन गोष्टींपासून करावी लागते.

आधारवर चालणाऱ्या पैसे काढण्याच्या सोयीला तीनच गोष्टी लागतात: आधार क्रमांक, बँकेचे नाव आणि बोटाचा ठसा. पिन किंवा ओटीपी लागत नाही. बँकेची शाखा दूर आणि एसटी दिवसातून दोनदा, अशा गावातल्या म्हाताऱ्या माणसांसाठी ग्राहक सेवा केंद्रातली ही सोय मोलाची आहे, त्यामुळे तिच्याकडे पाठ फिरवा असे मी कधीही सांगणार नाही. मात्र कापूस वेचून आणि निंदण करून ज्यांच्या बोटांवरच्या रेषा झिजल्या आहेत, त्यांचा ठसा यंत्र पहिल्या वेळी क्वचितच घेते. "काकाजी, अंगठा नाई येऊन राहिला, अजून एकदा लावा," हे वाक्य आमच्याकडे इतके नेहमीचे आहे की त्याचा कोणाला संशयच येत नाही. पहिल्या ठशाला पैसे निघालेले असतात आणि दुसऱ्या ठशाला पुन्हा निघतात. हातात मात्र एकदाचेच येतात. म्हणून व्यवहार फसला असे सांगितले तरी प्रत्येक ठशाची पावती मागावी, आणि ती देण्यास टाळाटाळ झाली तर त्याच आठवड्यात शाखेत जाऊन पासबुक भरून घ्यावे. केंद्रचालक हा बँकेचा प्रतिनिधी असतो आणि त्याच्या कामाची जबाबदारी बँकेवर असते, हे फार थोड्या लोकांना ठाऊक आहे.

ठसा केंद्रातूनच जातो असेही नाही. 2018 साली तेलंगणात जमिनीच्या नोंदणीकृत दस्तांवरचे ठसे उचलून, त्यांचे रबरी साचे बनवून सिम कार्डे सुरू केल्याचे प्रकरण उघड झाले होते. पासवर्ड बदलता येतो, अंगठा बदलता येत नाही. यावर उपाय एकच, तो म्हणजे अंगठ्याला कुलूप लावणे. एमआधार ॲपमधून किंवा आधारच्या संकेतस्थळावरून बायोमेट्रिक लॉक करता येते. कुलूप लावल्यावर कोणीही ठसा वापरला तरी व्यवहार नाकारला जातो, आणि रेशनसाठी किंवा पीएम किसानच्या ई-केवायसीसाठी अंगठा लावायचा असेल तेव्हा तो थोड्या वेळापुरता उघडता येतो.

खरी अडचण पुढे आहे. कुलूप लावायचे तर आधारशी जोडलेला मोबाइल चालू असावा लागतो, आणि आमच्या गावांत जोडलेला क्रमांक बहुधा पुण्याला कामाला गेलेल्या मुलाचा असतो किंवा रिचार्जअभावी केव्हाच बंद पडलेला असतो. बंद पडलेला क्रमांक 90 दिवसांनंतर कंपनी दुसऱ्या कोणालाही देऊ शकते, म्हणजे तुमचा ओटीपी अनोळखी माणसाच्या फोनवर जाऊ शकतो. घरात कोणाचे आधार कोणत्या क्रमांकाशी जोडले आहे, हे या हंगामाआधी प्रत्येकाने तपासून घ्यावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे. बचत गटाच्या बैठकीत एखाद्या शिकलेल्या मुलीने हे काम हाती घेतले तर एका दुपारी अख्ख्या गटाचे होऊन जाते.

झेरॉक्सच्या बाबतीत आपण फारच सैल आहोत. शक्य तिथे शेवटचे चारच अंक दिसणारे मास्क केलेले आधार द्यावे, आणि पूर्ण प्रत द्यावीच लागली तर तिच्यावर आडवे, "फक्त अमुक कामासाठी" असे तारखेसह लिहून सही करावी. दुकानात खराब निघालेली प्रत तिथेच टाकून येऊ नये. आपल्या नावावर किती सिम चालू आहेत, हे केंद्र सरकारच्या संचारसाथी संकेतस्थळावर दिसते; अनोळखी क्रमांकाची तक्रारही तिथेच करता येते.

एवढे करूनही नाव वापरले गेले तर काय करावे, हे मी आमच्या शेजारच्या काकांच्या प्रकरणातून शिकलो. खरिपाच्या तोंडावर ते पीककर्जासाठी बँकेत गेले, तेव्हा त्यांच्या नावावर एका फायनान्स कंपनीचे दुचाकीचे थकीत कर्ज निघाले. काकांना सायकलखेरीज काही चालवता येत नाही. शाखेने हात वर केले आणि कंपनीच्या माणसाने आधी हप्ते भरा, मग बघू, असे सांगितले. असा एकही हप्ता भरू नये, कारण त्याचा अर्थ कर्ज कबूल केल्यासारखा लावला जाऊ शकतो.

आम्ही आधी क्रेडिट अहवाल, म्हणजे नावावरच्या सगळ्या कर्जांची आणि परतफेडीची नोंद, काढला. सिबिलसह चारही पतमापन संस्थांनी वर्षातून एकदा पूर्ण अहवाल मोफत दिला पाहिजे असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. चारही मागवावेत, कारण एकीकडे न दिसणारे कर्ज दुसरीकडे दिसू शकते. त्यानंतर पोलीस ठाण्यात लेखी तक्रार दिली. दुसऱ्याची ओळख वापरणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या 66 क कलमाखाली गुन्हा आहे आणि त्याला तीन वर्षांपर्यंत कैद व एक लाखापर्यंत दंड आहे. घटना दुसऱ्या शहरात घडली असली तरी कोणत्याही ठाण्याला शून्य क्रमांकाने (झिरो एफआयआर) गुन्हा नोंदवून तो संबंधित ठाण्याकडे पाठवता येतो. तक्रारीची प्रत जोडून कंपनीला आणि पतमापन संस्थांना हरकत पाठवली, आणि कर्जाच्या कागदावरची सही व फोटो दाखवण्याची मागणी केली. फोटो काकांचा नव्हता. हरकतीचा निकाल 30 दिवसांत लागला नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला 100 रुपये भरपाई मिळण्याची तरतूद आहे; अर्जात तिचा उल्लेख केल्यावर उत्तरे लवकर येऊ लागली, असा माझा अनुभव आहे.

खात्यातून पैसे गेले असतील तर मात्र क्रम वेगळा आहे. तिथे पहिला फोन सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठी असलेल्या 1930 या सरकारी क्रमांकावर करावा, कारण रक्कम पुढच्या खात्यात गोठवता येण्याची संधी सुरुवातीच्या तासांतच असते. लगेच बँकेत लेखी तक्रार देऊन पोच घ्यावी. चूक ग्राहकाचीही नाही आणि बँकेचीही नाही अशा फसवणुकीत, बँकेचा संदेश मिळाल्यापासून तीन कामकाजी दिवसांत कळवल्यास ग्राहकावर नुकसान पडत नाही, असे रिझर्व्ह बँकेचे 2017 चे परिपत्रक सांगते. उशीर झाला तर हा हक्क आक्रसत जातो. तोंडी सांगितलेल्या तक्रारीला तारीख नसते, म्हणून पोच घेतल्याशिवाय शाखेतून उठू नये.

काकांच्या नावावरचे कर्ज शेवटी खोडले गेले, पण तोवर पेरणी होऊन गेली होती आणि बियाण्याचे पैसे त्यांना सावकाराकडून आणावे लागले. कंपनीकडून आम्ही "हे कर्ज तुमचे नाही" असे पत्र लेखी घेतले. ते आता सातबाऱ्याच्या फायलीत लावलेले आहे, आणि खोडलेली नोंद पुन्हा वर आली नाही ना, हे पुढच्या खरिपाच्या आधी आम्ही अहवाल काढून पाहणार आहोत.