वकिलाला आधी धंदा सांगा, मग सही करा

करारनामा सही करण्याआधी वकिलाला दाखवा, हे सगळेच सांगतात. मला त्याच्या पुढचं सांगायचंय. कागद टेबलावर ठेवून "बघून ठेवा, संध्याकाळी घेऊन जाते" म्हणून उठू नका. समोर बसा आणि तुमचा धंदा त्यांना नीट समजावून सांगा. कायदा त्यांना येतो, हळद येत नाही.

सांगलीजवळच्या कुपवाड एमआयडीसीत आमचं हळद पावडरचं छोटं युनिट आहे. मी आणि माझे धाकटे दीर मिळून चालवतो. मार्केट यार्डात सौद्याला, म्हणजे लिलावाला, जाऊन राजापुरी हळकुंड घ्यायचं, मग दळण, चाळण, पॅकिंग. आमचे व्यवहार कायम शब्दावर आणि बिलावर चालत आले. मग मुंबईच्या एका कंपनीने त्यांच्या ब्रँडच्या नावाने पावडर करून द्याल का, असं विचारलं आणि मेलवर इंग्रजीत करारनामा पाठवला. त्यांचा माणूस फोनवर म्हणाला, "मॅडम, आमचा स्टँडर्ड फॉरमॅट आहे, सगळे असाच सही करतात." दीर म्हणाले, "वहिनी, ऑर्डर मोठी आहे. म्हणूनच दाखवून घेऊया."

आमचे वकीलसाहेब राजवाडा चौकाजवळ बसतात. वयस्कर आहेत, सगळी हयात दिवाणी दाव्यांत गेली. त्यांनी चष्मा लावला, पेन्सिल घेतली आणि मजकूर वाचायच्या आधी पानं उलटून शेवटाकडे गेले. पहिला प्रश्न आला, "परिशिष्ट ब कुठाय?"

करारात चार ठिकाणी लिहिलं होतं, मालाचा दर्जा व दंड परिशिष्ट ब प्रमाणे. आणि ते परिशिष्ट जोडलेलंच नव्हतं. आम्ही मागितलं तेव्हा आलं. ओलावा किती, कर्क्युमिन (हळदीला पिवळा रंग देणारा घटक) किती, उशीर झाला तर आठवड्याला किती टक्के कपात, आणि माल नाकारायचा अधिकार सर्वस्वी खरेदीदाराचा. आमचं खरं मरण त्या एका पानात होतं.

इथून माझं बोलणं सुरू झालं. त्यांनी विचारलं, "नाकारलेला माल दुसऱ्याला विकता येईल ना?" मी म्हटलं, नाही, पाकिटावर त्यांचं नाव असतं. सगळी पाकिटं फोडावी लागतील. मग मी ओलाव्याचं सांगितलं. जुलै-ऑगस्टमध्ये पावडर हवेतला ओलावा ओढते. आमच्याकडून कोरडी गेलेली पावडर त्यांच्या गोदामात महिनाभर जमिनीवर पडली आणि मग तपासली, तर तो ओलावा आमचा कसा? साहेबांनी पेन्सिल खाली ठेवली आणि म्हणाले, "हे मला माहीत नव्हतं. हे लिहायलाच पाहिजे." मग कलम असं झालं: गाडी भरताना दोघांच्या सीलचे दोन नमुने काढायचे, एक आमच्याकडे, एक त्यांच्याकडे. माल पोचल्यापासून सात दिवसांत तक्रार आली नाही तर माल स्वीकारला असं धरायचं. वाद झाला तर एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा अहवाल दोघांनी मानायचा.

दराचंही तसंच. कंपनीला दोन वर्षं एकच दर हवा होता. वकिलांना त्यात काही वावगं वाटलं नाही, उलट पक्का दर आहे म्हणून ते खूश होते. मी त्यांना २०२३ सालचे भाव सांगितले. त्या उन्हाळ्यापासून पावसाळ्यापर्यंत हळद जवळपास दुप्पट झाली होती. तसं साल पुन्हा आलं तर पक्क्या दराने आम्ही घर विकून पावडर पुरवणार का? आता सांगली बाजार समितीच्या दरात दहा टक्क्यांहून जास्त फरक पडला की दर नव्याने ठरतो.

पेमेंटच्या बाबतीत मात्र शिकायची पाळी माझी होती. करारात नव्वद दिवस होते आणि मला ते बाजाराची रीत म्हणून चालण्यासारखं वाटत होतं. साहेबांनी सांगितलं की २००६ च्या एमएसएमई, म्हणजे सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांच्या, कायद्याप्रमाणे सूक्ष्म आणि लघु उद्योगाला पैसे द्यायला करारानेही पंचेचाळीस दिवसांपेक्षा जास्त मुदत ठेवता येत नाही. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागतं. शिवाय २०२३ च्या अर्थसंकल्पात आलेल्या तरतुदीमुळे मुदत चुकवणाऱ्या खरेदीदाराला तो खर्च पैसे देईपर्यंत आयकरात वजा धरता येत नाही. म्हणजे वेळेवर पैसे देणं त्यांच्याही हिशेबाचं. उद्यम नोंदणी, म्हणजे अशा उद्योगांची सरकारी नोंदणी, आमची होतीच. साहेबांनी तिचा नंबर करारात पहिल्याच पानावर घालायला लावला.

एका कलमावर मी जास्त अडले होते. करार संपल्यावर तीन वर्षं दुसऱ्या कुठल्याही ब्रँडसाठी पावडर करायची नाही. साहेब म्हणाले, १८७२ च्या करार कायद्याचं कलम २७ आहे, धंदा करण्यावरची अशी बंदी रद्दबातल ठरते, कोर्टात टिकणार नाही. मी म्हटलं, मग राहू दे की. ते म्हणाले, "राहू द्यायचं नाही. कोर्टात टिकणार नाही हे मला माहीत आहे. उद्या त्यांची नोटीस आली की तुम्ही घाबरून चांगली ऑर्डर सोडून द्याल." मला हे फार पटलं. कायद्याने रद्द असलेलं वाक्यही कागदावर असेल तर माणसाला धाकात ठेवतं.

आणि महापूर. नैसर्गिक आपत्तीचं कलम होतं, पण अठ्ठेचाळीस तासांत मुंबईच्या पत्त्यावर रजिस्टर पोस्टाने कळवायची अट होती. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत पोस्ट कुठलं आणि रस्ते कुठले! २००५ ला हरिपूरच्या पेवांमधली, म्हणजे साठवणीच्या जमिनीखालच्या खड्ड्यांमधली, हळद पाण्यात गेली, ते आमच्या घरात अजून बोलतात. युनिट उंचावर असलं तरी कामगार, यार्ड, गाड्या सगळं खालीच अडकतं. म्हणून आता आमच्या करारात सांगलीचा आयर्विन पूल आहे. पुलाजवळ कृष्णेची पातळी पंचेचाळीस फुटांची धोका पातळी ओलांडेल त्या दिवसापासून पुरवठ्याची मुदत आपोआप वाढते, आणि कळवायला मेल किंवा व्हॉट्सअ‍ॅप पुरतं. मुंबईच्या वकिलाला हे कधीच सुचलं नसतं, आणि आमच्याही वकिलांना मी सांगितल्यावरच सुचलं.

सगळं मिळालं असं नाही. वाद मुंबईच्या कोर्टात चालवायची अट होती. आम्ही सांगली म्हटलं, ते हलले नाहीत. शेवटी पुण्यात लवाद, म्हणजे कोर्टाऐवजी दोघांनी मानलेल्या पंचापुढे निवाडा, यावर तडजोड झाली. आम्ही घेतली. तसंही २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय की करारात लवादाचं कलम असलं तरी थकीत पैशांसाठी लघु उद्योगाला एमएसएमईच्या सुविधा परिषदेकडे जाता येतं. "स्टँडर्ड फॉरमॅट" म्हणणाऱ्यांनी बाकीचे बहुतेक बदल एका मेलवर मान्य केले, हेही सांगायला हवं. विचारलं नसतं तर कुणी आपणहून दिलं नसतं.

शेवटचा बदल मुदतीचा होता. नोटीस दिली नाही तर करार आपोआप पुढे चालू राहणार होता, आणि नोटिशीची तारीख दिवाळीच्या आसपास पडत होती. तेव्हा येणारं पीक कसं आहे याचा कुणालाच नीट अंदाज नसतो. आम्ही कराराचं वर्षच सरकवून घेतलं. आता ती तारीख मार्चमध्ये येते. तेव्हा नवी हळद यार्डात उतरलेली असते, सौदे सुरू असतात, आणि पुढचं वर्ष या कंपनीबरोबर काढायचं की नाही हे मी आणि दीर भाव समोर ठेवून ठरवू शकतो.