मावशीचा प्रश्न

"एवढीशीच?" मावशीने विचारलं. ठाण्यात सर्जनच्या केबिनमध्ये तिच्या तळहातावर हृदयाच्या कृत्रिम झडपेचा नमुना होता. १९ मिलिमीटर, सगळ्यात लहान मापांपैकी.

डॉक्टरांनी घाई न करता समजावलं. मावशी ४ फूट ९ इंच, ४१ किलो. म्हणजे शरीराच्या पृष्ठभागाचं क्षेत्रफळ साधारण १.३ चौरस मीटर. महाधमनीच्या, म्हणजे हृदयातून शरीरभर रक्त नेणाऱ्या मुख्य वाहिनीच्या, झडपेचं प्रत्यक्ष उघडणारं तोंड शरीराच्या दर चौरस मीटरमागे ०.८५ चौरस सेंटिमीटरच्या वर हवं. तिला १.१ चौरस सेंटिमीटरच्या आसपास पुरतं. धिप्पाड माणसाला हीच झडप अपुरी पडली असती, हृदयावरचा ताण तसाच राहिला असता. झडपेची जागा फारच अरुंद निघाली, तर पॅच लावून ती रुंद करतात.

मला हायसं वाटलं. मावशी मात्र झडप बोटाने उघडमीट करत म्हणाली, "लहानपणी पोटभर मिळालं असतं, तर मोठी बसली असती का हो?"

डॉक्टर क्षणभर गप्प झाले. मीही.

फायलीत उंची-वजनाचे दोनच आकडे असतात. सगळ्यांना वाढून उरलं तेवढंच खाणाऱ्या कितीजणींचं बालपण त्यात लपलेलं असेल!

तुमच्या घरी कुणाला अशी लहान मापाची झडप बसवली आहे का? आता जिना चढताना कसं वाटतं, लिहाल? मावशीला वाचून दाखवायचंय.