गव्हात ठेवलेला फोन

रविवारी सकाळी नळ आले आणि वहिनीचा फोन बादलीत गेला. इंदूरच्या रामबागेत दादाच्या घरी नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं. नळाच्या दिवशी त्या घरात प्रत्येकाचे दोन्ही हात कशात ना कशात अडकलेले असतात. वहिनीने फोन कान आणि खांदा यांच्यामध्ये धरला होता आणि पलीकडून तिच्या बहिणीने काहीतरी हसण्यासारखं सांगितलं. एवढंच झालं.

मी पोहे-जिलेबीचे पुडे घेऊन पोहोचले, तोवर फोन बाहेर काढून पुसून झाला होता आणि दादा गव्हाच्या पिंपात कोपरापर्यंत हात घालून तो पुरत होता.

"तांदळात ठेवतात ना रे?" मी विचारलं.

"तांदूळ कोकणातल्यांनी. माळव्यात गहू. शरबती आहे, तांदळापेक्षा जास्त पाणी ओढतो. बंद करून ठेवलाय, संध्याकाळपर्यंत टकाटक."

शरबती गहू जास्त पाणी ओढतो हे दादाला कुणी सांगितलं होतं? कुणीच नाही. ते वाक्य त्याला तिथल्या तिथे, हात पिंपात असताना सुचलं होतं. पण त्याने ते अशा सुरात म्हटलं की मी मान डोलावली.

भाचा सोळा वर्षांचा आहे. तो पोह्यांवर शेव घालता घालता म्हणाला, "पप्पा, तांदूळसुद्धा घालायचा नसतो. अ‍ॅपलने २०२४ मध्ये सांगितलंय, तांदळाचे बारीक कण आत जाऊन फोन आणखी बिघडू शकतो. चार्जिंगचं तोंड खाली करून हलकेच झटकायचा आणि हवेशीर जागी ठेवून द्यायचा. बस."

बरोबर होतं त्याचं. आणि त्या बरोबर उत्तरानंतर स्वयंपाकघरात जी शांतता पसरली ती मला अजिबात आवडली नाही. सगळे पोहे खायला लागले. बोलायला काही उरलंच नाही.

मग दादाने पोह्यांवरच्या जिरावन मसाल्याची डबी पुढे ओढली आणि म्हणाला, "तांदळाचे कण बारीक असतात. गव्हाचे नसतात." गप्पा पुन्हा सुरू झाल्या.

आमच्या इंदुरात 'माहीत नाही' म्हणायची पद्धत नाही. राजवाड्यापाशी उभं राहून कुणालाही कुठलाही पत्ता विचारा, तो माणूस आधी "अरे भिया" म्हणेल, मग दोन वळणं आणि एक मंदिर सांगेल, आणि तुम्ही निघालात की शेजारच्याला विचारेल, "हे आहे कुठे?" यात लबाडी नसते. विचारणाऱ्याला रिकाम्या हाताने पाठवणं बरं दिसत नाही, एवढीच भावना असते. यंत्रांच्या बाबतीत तर हा पाहुणचार फारच सढळ होतो. जेल रोडवर मोबाइलचं कव्हर घ्यायला जावं, तर दुकानदार, त्याचा पोऱ्या आणि शेजारी उभं असलेलं गिऱ्हाईक असे तिघे मिळून बॅटरी का फुगते याची चार कारणं देतात. त्यातलं एखादं खरंही असतं.

आमचे बाबा बँकेत कॅशियर होते. कॅल्क्युलेटरवर त्यांची बोटं न बघता चालत. घरी बटणांचा टेलिफोन आला तेव्हा पहिले काही दिवस त्यांचे नंबर सारखे चुकायचे. कॅल्क्युलेटरवर ७-८-९ वर आणि १-२-३ खाली. फोनवर नेमकं उलट. एका रविवारी मी विचारलं, असं का? त्या प्रश्नावर आमच्या घरात किती रविवार गेले, सांगता यायचं नाही. बाबा म्हणाले, फोनवाल्यांना आपण घाईघाईने नंबर फिरवायला नको असतो. मामा म्हणाला, एकाने डिझाइन केलं, दुसऱ्याने कागद उलटा धरला. आई म्हणाली, एक डावखुऱ्याने केलं असेल. डावखुऱ्याचा वर-खालीशी काय संबंध, असं विचारायचं कुणाच्या मनात आलं नाही; आईच्या म्हणण्यावर दोन आठवडे चर्चा झाली.

खरी गोष्ट मला फार उशिरा कळली. कॅल्क्युलेटरने मांडणी उचलली ती जुन्या बेरजेच्या यंत्रांवरून, जिथे आकडे खालून वर चढत जायचे. फोनचं ठरलं अमेरिकेत, बेल प्रयोगशाळेत. तिथल्या लोकांनी १९६० च्या सुमारास आकड्यांच्या कितीतरी मांडण्या माणसांकडून दाबून बघितल्या. त्यात जुन्या डायलसारखी गोल मांडणीही होती. वेग, चुका आणि लोकांची आवड बघून त्यांनी १-२-३ वर ठेवलं आणि १९६३ मध्ये तसे फोन लोकांना मिळू लागले. हे वाचलं तेव्हा बाबा जाऊन तीन वर्षं झाली होती. त्यांना सांगितलं असतं, तर त्यांनी चष्मा वर करून "असं होय" म्हटलं असतं आणि तो विषय तिथेच संपला असता. आईचा डावखुरा मात्र आमच्या घरात अजून जिवंत आहे. परवा लिफ्टचं बटण उलट्या बाजूला दिसलं, तेव्हा वहिनी म्हणाली, "डावखुऱ्याने केलं असेल."

आमचं सगळ्यात जास्त अज्ञान मात्र खर्ची पडलं टीव्ही गेमवर. १९९५ च्या उन्हाळ्याच्या सुट्टीत तो घरात आला. दादा तेव्हा तेरा वर्षांचा, मी नऊ. पांढरा डबा, दोन रिमोट, एक बंदूक आणि पिवळी कॅसेट. कॅसेटवर लिहिलेलं '९९९९ इन १'. दादाने वहीत यादी करायला घेतली. सत्तावन्नाव्या खेळापाशी त्याच्या लक्षात आलं की पहिलाच खेळ पुन्हा आलाय, फक्त मारिओचा सदरा बदललाय. पुढचे नऊ हजार नऊशे किती, ते त्याने सोडून दिलं. पण गल्लीत आमच्याकडे ९९९९ खेळ आहेत, असंच सांगितलं जायचं.

कॅसेट चालली नाही की काढायची, फुंकर मारायची, पुन्हा लावायची. फुंकर मारायची पद्धत होती: डावीकडून उजवीकडे, एका दमात, मध्ये थांबायचं नाही. शेजारच्या मुलाची फुंकर 'लागायची', त्याला खास बोलावणं जायचं. त्या फुंकरीने काहीच होत नव्हतं. कॅसेट काढून पुन्हा बसवल्यामुळे तिच्या पट्ट्या नीट टेकायच्या, इतकंच. उलट श्वासातल्या ओलीने त्या पट्ट्या गंजायच्या. म्हणजे ज्याची फुंकर आम्ही मानाने बोलावून आणत होतो, तोच कॅसेटचा घात करत होता. त्याने त्याबद्दल दरवेळी एक कैरीची फोड घेतली आहे.

आणि तो मंत्र. वर वर, खाली खाली, डावं उजवं, डावं उजवं, बी, ए. आम्ही तो पाढ्यांसारखा म्हणायचो. अमेरिकेतल्या 'काँट्रा' या खेळात तो रिमोटच्या बटणांवर दाबला की तीस जीव मिळत. हा मंत्र कोनामी कंपनीतल्या काझुहिसा हाशिमोतो या माणसाने केला, 'ग्रॅडियस' नावाच्या आधीच्या एका खेळासाठी. १९८६ ची गोष्ट. खेळ तपासायचा तर शेवटपर्यंत जायला हवं, आणि त्याला स्वतःला तो खेळ जमेना. म्हणून त्याने आपल्या सोयीची एक मागची वाट ठेवली, आणि खेळ बाजारात गेला तेव्हा ती तशीच राहून गेली. गल्लीतलं आमचं स्पष्टीकरण असं होतं की हा मंत्र जपानच्या सैन्यातला आहे. कुणाचं, ते विचारू नका. दादाचंच.

भाच्याला हे सगळं माहीत असतं. तो मला अधूनमधून असे तुकडे देतो. मारिओमधले ढग आणि झुडपं ही एकच आकृती आहे, वर पांढरी आणि खाली हिरवी रंगवलेली; अख्खा खेळ चाळीस किलोबाइटमध्ये बसवायचा होता, म्हणून काटकसर. माझी मावशी रोज सकाळी जो गुलाब पाठवते, तो एकटा याहून जड असतो. नोकियाचा साप तनेली आर्मांतो नावाच्या माणसाने १९९७ च्या ६११० या फोनसाठी लिहिला, पण सापाचा खेळ त्याहून एकवीस वर्षं जुना, १९७६ पासूनचा. मी हे ऐकते, पोहे खाते.

त्या रविवारीही तसंच चाललं होतं. विषय फोनवरून बंदुकीवर कसा गेला, आठवत नाही. मी म्हटलं, आमच्या टीव्ही गेममध्ये ती बदकांची शिकार होती, बंदुकीने टीव्हीवरचं बदक मारायचं. बंदुकीतून काय निघायचं कोण जाणे.

"काही निघत नव्हतं आत्या. बंदूक फक्त बघायची. घोडा दाबला की पडदा क्षणभर काळा होतो आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन येतो. बंदुकीच्या नळीत प्रकाश ओळखणारा एक डोळा असतो. काळ्यानंतर पांढरं दिसलं की नेम लागला. काळा पडदा आधी अशासाठी, की कुणी दिव्याकडे बंदूक रोखून फसवू नये."

मी दादाकडे बघितलं. दिव्यावर नेम धरला की सगळी बदकं एकदम पडतात, हा त्याचा शोध. मी त्या सुट्टीत आमच्या बैठकीतल्या बल्बवर किती गोळ्या झाडल्या, याचा हिशोब नाही.

"आता ती बंदूक नव्या टीव्हीवर चालायचीसुद्धा नाही," भाचा म्हणाला. "जुना काचेचा टीव्ही लागतो. नव्यात चित्र जरा उशिरा येतं, बंदुकीला वाटतं नेम चुकला."

"माझे तर जुन्यातही चुकायचे," मी म्हटलं. "एका बदकाला तीन गोळ्या. पहिली दोन मारायचे मी, पण ती बदकं अशी काही वळायची ना, ऐन वेळी. आणि मग ते कुत्रं गवतातून वर येऊन हसायचं. दादाची पाळी आली की मात्र बदकं सरळ उडायची."

भाचा थांबला. त्याचा चमचा हवेत होता.

"पप्पांच्या हातात तेव्हा रिमोट असायचा का?"

"पहिला रिमोट. तो धरून ठेवावा लागायचा. नाहीतर बंदुकीला करंट मिळायचा नाही."

"करंट," भाचा म्हणाला.

"म्हणजे, असं दादा म्हणायचा."

"आत्या, त्या खेळात दुसऱ्या माणसाला रिमोटने बदक उडवता येतं. बनवतानाच तशी सोय केली आहे, १९८४ पासून. मूळ खेळाबरोबरच्या पुस्तिकेत छापलंय. फक्त गेम ए मध्ये, एका बदकाच्या. बी मध्ये दोन बदकं असतात, त्यात चालत नाही."

आमच्या डब्याबरोबर पुस्तिका नव्हती. पुस्तिका दादा होता. आणि मला आता स्पष्ट आठवलं, की त्या अख्ख्या सुट्टीत त्याने मला एकदाही बी लावू दिला नव्हता. "दोन बदकं तुला झेपायची नाहीत," म्हणायचा. मला वाटायचं काळजीने म्हणतो.

तीस वर्षं मी स्वतःला नेम नसलेली बाई समजत आले. कॉलेजात रायफलसाठी नाव घालायला सगळ्या मैत्रिणी गेल्या. मी गेले नाही. लग्नात उखाणा घेताना नवऱ्याच्या तोंडात घास देताना तो नाकाला लागला, तेव्हा आई सगळ्यांसमोर म्हणाली, हिचा नेम लहानपणापासूनच असा. माझ्या मागे केवढं एक चरित्र तयार झालं होतं, आणि त्याचं मूळ पहिल्या रिमोटच्या डाव्या अंगठ्यात होतं.

(एक गोष्ट इथे सांगायला हवी, भाच्यासमोर मी ती सांगितली नाही. दादा पाणी प्यायला आत गेला की मी बंदूक टीव्हीच्या काचेला टेकवून मारायचे. त्या तीन-चार बदकांचं श्रेय मी पूर्ण घेतलं आहे.)

"दादा," मी म्हटलं.

दादा जिलेबीचा पाक बोटावरून पुसत होता. अगदी निवांत. मला तो चेहरा ओळखीचा आहे. पत्ता माहीत नसलेल्या माणसाचा, "अरे भिया" म्हणायच्या आधीचा.

"कसं असतं," त्याने सुरुवात केली, "तो सेट वेगळा होता. तैवानचा. तैवानच्या सेटमध्ये ती सोय काढून टाकलेली असायची, कारण तिथे बदकाला..."

तैवानात बदकाला काय मानतात, हे आम्हाला कळायचं होतं. भाचासुद्धा पुढे झुकला होता. वहिनी नळ बंद करून पदराला हात पुसत दारात येऊन उभी राहिली. इतक्यात स्वयंपाकघराच्या कोपऱ्यातून, खोल कुठूनतरी, दाण्यांच्या खालून, वहिनीच्या फोनवरची आरती वाजू लागली.

"बघ!" दादा उठला. "गहू! सांगितलं होतं ना?" आणि बाह्या सरसावून त्याने पिंपात हात घातला.

"पण पप्पा," भाचा म्हणाला, "तुम्ही तर तो बंद करून ठेवला होता ना?"