अकरा

नेपाळच्या टूरवर मी घड्याळ भारतीय वेळेवरच ठेवते. तिथली वेळ आपल्यापेक्षा पंधरा मिनिटं पुढे असते, पण ऑफिसला रोजचा रिपोर्ट आपल्या वेळेने पाठवायचा असतो म्हणून मी काटे हलवत नाही. त्यामुळे नेपाळच्या त्या मोठ्या भूकंपाची वेळ सगळीकडे ११:५६ लिहिलेली असते तरी माझ्या डोक्यात ती ११:४१ अशीच बसलीये. शनिवार, २५ एप्रिल २०१५, भक्तपूर.

मी टूर मॅनेजर आहे आणि ते माझं सहावं वर्ष होतं. एरवी चाळीस-पंचेचाळीस जणांचा ग्रुप असतो पण त्या वेळी एकाच घरातली माणसं होती, अकरा जण. आजी, त्यांचे दोन मुलगे, दोन सुना, मुलगी, जावई आणि चार नातवंडं, त्यातली मोठी नात सोळा वर्षांची आणि सगळ्यात धाकटा नातू नऊ वर्षांचा. आजींना पशुपतिनाथाचं दर्शन घ्यायचं होतं, ते शुक्रवारी संध्याकाळी छान झालं होतं. शनिवारी सकाळी खरं तर काठमांडूत धरहरा हा उंच मनोरा आणि बसंतपूरचा दरबार चौक असं लिहिलेलं होतं आणि दुपारून भक्तपूर, पण दुपारच्या उन्हात भक्तपूरच्या विटांच्या फरशीवरून आजींना चालवणं नको म्हणून मी आदल्या रात्री ड्रायव्हर दाइंशी (नेपाळीत दाइ म्हणजे थोरला भाऊ) बोलून क्रम उलटा केला. एवढंच केलं. त्यात कसलीही दूरदृष्टी नव्हती, हे मी मुद्दाम लिहितेय, कारण नंतर त्या घरातल्या सगळ्यांनी मला त्याबद्दल इतके आशीर्वाद दिले की मला अवघडल्यासारखं व्हायचं. धरहरा त्या दिवशी बुंध्यापासून कोसळला, आत जिन्यावर माणसं असताना.

आम्ही तौमढी चौकात होतो, न्यातपोल मंदिरासमोर. १७०२ साली बांधलेलं पाच छपरांचं उंच देऊळ, पायऱ्यांच्या दोन्ही बाजूंना मूर्त्या, खाली दोन मल्ल, त्यांच्या वर हत्ती, मग सिंह, असं वर वर. प्रत्येक जोडी खालच्या जोडीच्या दहापट ताकदीची असं मी मुलांना सांगत होते आणि मुलं पायऱ्या चढत चढत दहाने गुणत होती. आजी खालच्या पायरीवर सावलीत बसलेल्या. धाकटे काका मला म्हणाले, इथे कुंभारांचा चौक आहे ना जवळ, याला चाक बघायचंय, आम्ही पटकन बघून येतो. मी म्हटलं या जाऊन, पण पंधरा मिनिटांत हं. ते आणि नऊ वर्षांचा मुलगा दक्षिणेकडच्या गल्लीत शिरले. परवानगी मी दिली होती.

आधी कबुतरं उडाली, चौकातली सगळी एकदम, कोणीतरी चादर झटकावी तशी. मग खालून घरघर आली, मोठा ट्रक अंगावर येतोय असा आवाज, आणि मग जमीन सरकायला लागली. हलणं नव्हे ते, होडीत उभं राहिल्यासारखं इकडून तिकडे झुलणं, आणि ते थांबतच नव्हतं. काठमांडू खोरं म्हणजे जुन्या तळ्याचा तळ, खाली सगळा मऊ गाळ, म्हणून तिथे धक्के असे लांब लांब लाटांसारखे आले हे मी पुष्कळ नंतर वाचलं. त्या क्षणी मला फक्त न्यातपोलच्या घंटा आठवतात. छपराच्या कडेला छोट्या छोट्या घंटा टांगलेल्या असतात, त्या सगळ्या वाजत होत्या आणि वारा अजिबात नव्हता. मी ओरडत होते, मधे या, देवळापासून लांब, मधे! जावईबापूंनी आजींना अक्षरशः उचलून आणलं. आम्ही चौकाच्या मधोमध एकमेकांना धरून खाली बसलो आणि चारी बाजूंच्या गल्ल्यांमधून विटांची लालसर धूळ आत आली, इतकी की समोरचं देऊळच दिसेना. मला वाटलं पडलं. धूळ बसली तर ते उभं होतं.

आमच्या कामात पहिलं काय शिकवत असतील तर पॅक्स, म्हणजे ग्रुपमधली माणसं, मोजणं. बसमध्ये मोजा, हॉटेलात मोजा, टॉयलेटला थांबलात तरी मोजा. मी मोजलं. नऊ. परत मोजलं. नऊच.

काकूंना माझ्याआधी कळलं होतं. त्या उठल्या आणि थेट त्या गल्लीकडे पळाल्या. तिथली जुनी घरं मातीत बसवलेल्या विटांची, तीन-चार मजली, आणि गल्लीच्या तोंडाशीच एका घराची भिंत पोट काढून बाहेर झुकलेली मला दिसत होती. मी मागून धावले आणि त्यांचं मनगट धरलं. त्या जोर लावत होत्या, मी दोन्ही हातांनी धरलं, आणि माझ्या मुठीत त्यांची काचेची बांगडी फुटली. माझ्या तळव्यात रुतली, रक्त आलं. त्या बांगडीकडे बघत राहिल्या. नवरा आणि मुलगा त्या धुळीत आणि हातातली बांगडी फुटलेली, त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मला कधीही विसरता येणार नाही. मागून आजींचा आवाज आला, "वाढली म्हण गं. वाढली म्हण." सत्तरीच्या पुढची बाई, मुलगा आणि नातू सापडत नाहीयेत, स्वतः थरथरतेय, आणि तिला आधी तो शब्द सावरायचा होता.

काकू म्हणाल्या, सोड मला. मी म्हटलं, नाही सोडणार. त्या म्हणाल्या, तुला मूल नाहीये म्हणून. मला काही उत्तर सुचलं नाही, मी फक्त धरून राहिले. माझ्याकडे बाकीचे नऊ होते. एक जण त्या गल्लीत गेला असता तर मागून दुसरा गेला असता, मग तिसरा. हे मी आता इतकं नीट लिहितेय, तेव्हा असा काही विचार केला नव्हता. तेव्हा ती भिंत दिसत होती आणि हातात मनगट होतं.

अर्ध्या तासाने, तिथल्या साडेबाराच्या सुमारास दुसरा मोठा धक्का आला, ६.६ चा. ती भिंत त्यात पडली. सगळी गल्ली भरली. काकू बघत होत्या. काही बोलल्या नाहीत, मीही नाही बोलले.

एकनंतर केव्हातरी चौकाच्या पार दुसऱ्या बाजूने ते दोघं आले. काकांच्या केसांपासून बुटांपर्यंत एकच रंग, विटेचा. कुंभारांचा चौकही मोकळा आहे, उन्हात वाळत घातलेल्या मडक्यांच्या रांगा असतात तिथे. पहिला धक्का बसल्या बसल्या एका म्हाताऱ्या कुंभाराने त्यांना दंडाला धरून त्या मडक्यांच्या मधे नेऊन बसवलं आणि उठूच दिलं नाही. काका दोनदा उठले, दोनदा त्याने खाली बसवलं. दुसरा धक्का होऊन गेल्यावर त्याच्या मुलाने त्यांना लांबच्या, रुंद रस्त्याने फिरवून आणून सोडलं. मुलगा आईला बिलगला आणि पहिलं वाक्य काय बोलला, तर "आई, त्यांची सगळी मडकी फुटली." मी मोजलं. अकरा. मग मी एका बाजूला जाऊन बसले कारण पाय उभे राहीनात.

माझी खरी चूक त्यानंतरची आहे. दुपारी सगळे विचारायला लागले, आता काय, फ्लाईट कधी. फोन लागत नव्हते, कसाबसा एखादा एसएमएस जात होता, एअरपोर्टबद्दल मला काहीही माहीत नव्हतं. आणि मी सांगून टाकलं, "रात्रीपर्यंत काहीतरी फ्लाईट होईल." धीर द्यायचा म्हणून. आमच्या लाईनमध्ये ही सवयच लागते, बस उशिरा असली की दहा मिनिटांत येतेय म्हणायचं. मुलांनी ते धरून ठेवलं, दर थोड्या वेळाने रात्र कधी होणार विचारत होती. अंधार पडल्यावर मोठे काका शांतपणे म्हणाले, "ताई, माहीत नसेल तर नाही म्हणून सांगा. आम्ही ऐकून घेऊ." रागाने म्हणाले असते तर बरं वाटलं असतं. त्यानंतर मी दर दोन तासांनी सगळ्यांना जवळ बोलवायचे आणि जेवढं कळलंय तेवढंच सांगायचे, बहुतेक वेळा सांगण्यासारखं काही नसायचं, तर तेच सांगायचे. आश्चर्य म्हणजे त्याने ते शांत झाले.

रात्र गावाबाहेर मोकळ्या मैदानात काढली. आमची गाडी, शेजारी भक्तपूरची शेकडो घरची माणसं, कोणी गुन्द्री म्हणजे गवताची चटई दिली, कोणी ताडपत्रीचा कोपरा दिला. कोरडं वाईवाई, म्हणजे तिकडचे पाकिटातले नूडल्स, सगळ्यांनी वाटून खाल्लं. आजींच्या बीपीच्या गोळ्या काठमांडूत, थमेलच्या आमच्या हॉटेलात चौथ्या मजल्यावर, पण मेडिकल फॉर्मवर औषधाचं नाव आणि डोस लिहिलेला होता आणि तो माझ्या स्लिंग बॅगेत होता. रस्त्याच्या कडेला एक औषधवाला दुकानातला माल बाहेर खोक्यात काढून बसला होता, त्याने मोबाईलच्या उजेडात फॉर्म वाचून स्ट्रिप शोधून दिली. पैसे घेतले नाहीत.

थोड्या थोड्या वेळाने जमीन हलायची आणि मैदानातून एकच आवाज उठायचा, हजार माणसांनी एकदम श्वास आत घेतल्यासारखा.

आणि ड्रायव्हर दाइ. त्यांचं गाव सिन्धुपाल्चोक जिल्ह्यात. दुपारपासून फोन लावत होते, लागत नव्हता. मी म्हटलं दाइ, तुम्ही निघा, आम्ही बघू काहीतरी. ते म्हणाले, "रास्ता बंद होगा मॅडम. पहले आप लोगों को छोडूंगा." सिन्धुपाल्चोकमध्ये सगळ्यात जास्त माणसं गेली हे नंतर आकडे आल्यावर कळलं. त्या रात्री आम्हाला दोघांनाही माहीत नव्हतं, पण मला वाटतं त्यांना अंदाज आला असावा, कारण मध्यरात्रीनंतर त्यांनी फोन लावणं बंद केलं.

रविवारी सकाळी एअरपोर्टकडे निघालो. वाटेत हॉटेल लागलं, उभं होतं पण दर्शनी भिंतीला वरपासून खालपर्यंत आडव्यातिडव्या भेगा. ओरिजिनल कागद सगळे वर रूममध्ये. नेपाळला भारतीयांना व्हिसा लागत नाही, पासपोर्ट किंवा व्होटर कार्ड चालतं, पण सोळा वर्षांच्या नातीकडे शाळेच्या प्रिन्सिपलचं सर्टिफिकेट होतं, त्या वयाला ते चालतं, आणि तो एकुलता एक कागद वर राहिलेला. मोठे काका म्हणाले, पाच मिनिटांत जाऊन येतो. मी नाही म्हटलं. ते म्हणाले, पोरीचा प्रश्न आहे. मी म्हटलं काका, झेरॉक्स आहे माझ्याकडे, सगळ्यांच्या आहेत, त्यावर बघू. त्यांनी ऐकलं. काल गल्लीच्या तोंडाशी काय झालं ते त्यांनीही पाहिलेलं होतं.

त्रिभुवन एअरपोर्टला एकच रनवे. बाहेरची रांग पार रस्त्यापर्यंत. पावणेएकनंतर पुन्हा मोठा धक्का, ६.७ चा, टर्मिनलमधली माणसं ओरडत बाहेर पळाली, विमानं उतरायची थांबली. संध्याकाळी पाऊस. आजी प्लॅस्टिक डोक्यावर घेऊन ट्रॉलीवर बसल्या होत्या. मोठे काका सारखे म्हणत होते, आज पोखऱ्याला असतो तर? मला वाटलं होतं पोखरा भूकंपाच्या केंद्राच्या जास्त जवळ, तिथे तर काही उरलं नसेल. पण तसं झालं नव्हतं. गोरखा जिल्ह्यातल्या बारपाकजवळ खडक फुटायला सुरुवात झाली आणि ते फाटत फाटत पूर्वेकडे, काठमांडूच्या दिशेने गेलं, म्हणून पश्चिमेचं पोखरा पुष्कळ वाचलं. जवळजवळ नऊ हजार माणसं गेली त्यात. शनिवार म्हणजे तिकडचा सुट्टीचा दिवस, शाळा बंद होत्या, नाहीतर आकडा काय असता देव जाणे.

भारतीय हवाई दलाची विमानं शनिवार संध्याकाळपासूनच यायला लागली होती, ऑपरेशन मैत्री. आमचा नंबर सोमवारी पहाटे लागला. टेबलावरच्या माणसाने नातीचा झेरॉक्स टॉर्चने पाहिला, तिच्याकडे पाहिलं, नाव आणि वय वहीत लिहून घेतलं, पुढे जा म्हणाला. त्या एका ओळीसाठी मी दोन दिवस पोटात गोळा घेऊन फिरत होते.

दाइ गेटपर्यंत आले होते. आजींनी त्यांच्या हातात पैसे कोंबले, त्यांनी परत आजींच्या हातात ठेवले आणि वाकून नमस्कार केला. गाडी वळवून निघून गेले.

विमानात सीट नव्हत्या, सगळे जमिनीवर ओळीने. काकू माझ्या शेजारी, मुलगा त्यांच्या मांडीवर झोपलेला. शनिवार दुपारपासून त्या माझ्याशी कामापुरतंही बोलल्या नव्हत्या. विमान उडाल्यावर त्यांनी माझा हात ओढून घेतला, तळवा उलटा करून ती जखम बघितली, त्यात काचेचा कण राहिला होता तो नखाने काढला. मग म्हणाल्या, "हे दोघं आले नसते ना, तर मी तुला आयुष्यात माफ केलं नसतं."

मी म्हटलं, "माहितीये काकू."

त्यांनी हात तसाच धरून ठेवला दिल्ली येईपर्यंत.

दाइंचा फोन मे महिन्यात आला, पहिल्या आठवड्यात. मी विचारायच्या आत त्यांनीच विचारलं, "मॅडम, ग्यारह के ग्यारह पहुंचे ना?" मी म्हटलं, पोचले दाइ, सगळे पोचले. मग त्यांनी सांगितलं की घर राहिलं नाही, गोठा राहिला नाही, बायको आणि दोन्ही मुली तेव्हा शेतात होत्या म्हणून आहेत. आई घरात होती.