बाहेर बसून काय होतं?

हा प्रश्न मला दोन प्रकारची माणसं विचारतात. पुण्याकडची तरुण मंडळी विचारतात तेव्हा त्यात जरा खोच असते: आणीबाणीत तुम्ही अमेरिकेत सुखरूप होतात, तिथून काय दिवे लावलेत? फोर्ट वेनमधली माझ्या शेजारची बर्मी मुलं विचारतात तेव्हा खोच नसते, तगमग असते. इंडियानातल्या या शहरात म्यानमारहून आलेली हजारो माणसं राहतात. 1 फेब्रुवारी 2021 रोजी, नवी संसद भरायची त्याच दिवशी, तिथल्या लष्कराने सत्ता बळकावली. तेव्हापासून अवेळी फोन वाजला की या घरांमध्ये सगळे दचकतात. "अंकल, तुमच्याकडेही असं झालं होतं ना? बाहेरच्यांनी काही केल्याने फरक पडला का?"

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. पडला, पण जिथे गाजावाजा झाला तिथे फारसा नाही.

25 जून 1975 च्या रात्री आणीबाणी आली तेव्हा मी इथे शिकत होतो. घरून वडिलांची निळी एरोग्राम यायची. त्यात राजकारणाचा एक शब्द नसायचा. एकदा लिहिलं होतं, "पाऊस बरा आहे. शेजारचे अण्णा हवापालटासाठी येरवड्याला गेलेत, मुक्काम लांबेलसं दिसतं. वहिनी धीराच्या आहेत." अण्णा म्हणजे शाळामास्तर, पक्के समाजवादी. त्यांना मिसाखाली, म्हणजे खटल्याविना डांबून ठेवणाऱ्या कायद्याखाली, आत टाकलं होतं. मी आधी हसलो. मग मनात आलं, उभ्या जन्मात आडवळणाने न बोललेल्या माझ्या वडिलांनी हे वाक्य जुळवायला किती वेळ घेतला असेल!

इथल्या काही भारतीयांनी 'इंडियन्स फॉर डेमॉक्रसी' नावाची संघटना काढली होती. मी काही पुढारीबिढारी नव्हतो. सायक्लोस्टाइल केलेली पत्रकं घडी घालून पाकिटांत भरायची आणि पत्ते लिहायचे, एवढंच माझ्याकडे. तिकडे लंडनमध्ये विरोधकांचे नेते जयप्रकाश नारायण यांच्या सुटकेसाठी मोहीम चालू होती. 15 ऑगस्ट 1975 ला 'द टाइम्स'मध्ये त्या मोहिमेची मोठी जाहिरात आली: भारतातल्या लोकशाहीचा दिवा विझू देऊ नका. त्या जाहिरातीने दिल्ली हादरली, असं आमच्या पिढीतले काही जण अजून रंगवून सांगतात. सांगोत बापडे.

माझ्या मते खरा उपयोग झाला तो वेगळ्याच गोष्टीचा. अण्णांचा पगार थांबला होता. आम्ही दोघातिघांनी मिळून दरमहा वडिलांच्या नावाने पैसे पाठवायला सुरुवात केली, जुनं देणं फेडतोय असं लिहून. ते पैसे वहिनींच्या हाती जायचे. मुलांची फी भरली गेली, वाण्याची उधारी वाढली नाही. आत बसलेल्या माणसाला मारहाणीइतकीच घरची काळजी खचवते. 'एक सही करा नि सुटा' असं कानाशी कुणी म्हणत असताना, घरी चूल पेटते आहे हे ठाऊक असणं ही फार मोठी गोष्ट असते. अण्णांनी सही केली नाही.

बर्मी मुलांना मी हेच सांगतो. त्यांच्या देशात डॉक्टरांनी, शिक्षकांनी, रेल्वेच्या लोकांनी लष्कराच्या हाताखाली काम करायला नकार दिला. यांगूनमध्ये रेल्वे कर्मचाऱ्यांना कुटुंबांसकट सरकारी क्वार्टरमधून हुसकावलं. या माणसांच्या बाजूने इथे घोषणा द्या, जरूर द्या. पण त्याआधी त्यांच्यातल्या एका घराचं भाडं तुमच्या डोक्यावर घ्या. दर महिन्याला. उत्साह ओसरल्यावरसुद्धा.

दुसरं सांगतो ते त्यांना आवडत नाही. आतल्या माणसाला शौर्य शिकवू नका. 2024 मध्ये तिथे सक्तीची लष्करभरती लागू झाली, तेव्हा यांच्यातला एक मुलगा मावसभावाला फोनवर तावातावाने सांगत होता, पळू नकोस, लढ. मावसभावाचं उत्तर आलं, "जेवलो. झोपतो." मी त्या मुलाला म्हटलं, पळायचं, लपायचं की लढायचं, हे तो ठरवेल. तू फक्त तो जे ठरवेल त्यात कामी ये. कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात केंद्रीय मंत्री यशवंतराव चव्हाणांसमोर दुर्गाबाई भागवतांनी जयप्रकाशांसाठी प्रार्थना करायला लोकांना उभं केलं, पुढे अटकही सोसली. परदेशातून कुणी त्यांना तसं करा म्हणून कळवलं नव्हतं.

आमचं निभावलं म्हणून तुमचंही निभावेल, असं मात्र मी म्हणत नाही. आमचा प्रकार एकवीस महिन्यांत आटोपला. त्यांच्या लष्कराने 1990 च्या निवडणुकीचा निकाल सरळ गुंडाळून ठेवला होता, आणि आता तर ते स्वतःच्याच गावांवर विमानातून बॉम्ब टाकतं. तरी एक गोष्ट दोन्हीकडे सारखी आहे. तोंडं बंद केली की सत्ताधाऱ्याला खरं सांगणाराही उरत नाही. जानेवारी 1977 मध्ये इंदिराबाईंनी निवडणूक जाहीर केली ती जिंकण्याच्या खात्रीनेच, असं मी मानतो. मार्चमध्ये त्या स्वतः रायबरेलीत पंचावन्न हजारांवर मतांनी पडल्या. भोवतीच्या हुजऱ्यांना ते दिसलं नव्हतं. दिसलं असलं तरी बोलायची कुणाची छाती होती?

आणि सत्ताधारी पडेल त्या दिवसाची तयारी आधीच हवी. एप्रिल 1976 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं होतं की, आणीबाणीत बेकायदा अटकेविरुद्धही दाद मागता येणार नाही. पाचांपैकी एकटे न्यायमूर्ती खन्ना विरोधात गेले. नव्या सरकारने 1978 च्या चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने ती पळवाट बंद केली: जगण्याचा हक्क आता आणीबाणीतही निलंबित करता येत नाही, आणि 'अंतर्गत अशांतता' हे कारण पुरत नाही, सशस्त्र उठाव असावा लागतो. म्यानमारच्या 2008 च्या घटनेत संसदेच्या पाव जागा लष्करासाठी राखीव आहेत. उद्या ती घटना गेली तर तिच्या जागी काय यायचं, यावर वाद घालायला आतल्या माणसाला सवड नाही. तुमच्याकडे सवड आहे, वाचनालय आहे, पोलीस येऊन टेबल उलटवत नाहीत. तेव्हा भांडा, पण मसुदा समोर ठेवून भांडा.

परवा त्यांच्यातली एक मुलगी म्हणाली, "मग 1977 नंतर तुम्ही परत का नाही गेलात?" नोकरी लागली होती, लग्न झालं होतं, म्हटलं. ती म्हणाली, आमचे बाबाही बहुतेक हेच सांगतील. मग तिने वही उघडली आणि या महिन्यात कुणाचे पैसे यायचे राहिलेत, ती नावं वाचायला लागली. त्यात माझंही होतं.