पाचवा लून

एप्रिलचा तिसरा आठवडा. रात्री दोनच्या सुमारास खिडकीच्या काचेवर तडतड वाजायला लागलं आणि मला जाग आली. गोठता पाऊस. मग झोप लागलीच नाही, कारण सकाळी दवाखान्यात काय वाढून ठेवलंय ते त्या आवाजावरूनच कळलं होतं. लून पडणार.

मी उत्तर मिनेसोटात वन्यजीवांच्या दवाखान्यात पशुवैद्य आहे. शिक्षण परळचं, मग इथल्या परीक्षा. गाईम्हशींवर बसलेला हात इथे गरुड, घुबडं, कासवं आणि वर्षातले काही आठवडे लून यांच्यावर चालतो. आईला फोनवर लून समजावताना मी सांगते, पाणकावळ्यासारखा बुडी मारणारा, पण चांगला चार-साडेचार किलोचा. काळ्या पाठीवर पांढऱ्या चौकटी मांडल्यासारख्या आणि डोळे लालभडक. 1961 पासून तो या राज्याचा पक्षी आहे आणि राज्यात त्याची संख्या साधारण 12,000 धरतात. तळ्यांवरचा बर्फ सुटला की एक-दोन दिवसांत हजर होतो, नर आधी. आपल्याकडे पावशाने ‘पेरते व्हा’ म्हटलं की शेतकरी आभाळाकडे बघतो, तशी इथली माणसं लूनची पहिली लांब हाक ऐकली की अंगणात येऊन उभी राहतात.

हे पक्षी हिवाळा मेक्सिकोच्या आखातात किंवा फ्लोरिडाच्या किनाऱ्याला काढतात. परत येताना बर्फ असला तर दक्षिणेकडच्या मोकळ्या पाण्यावर थांबतात आणि मधूनमधून वर एक फेरी मारून आपलं तळं सुटलं का ते बघून जातात. त्या फेरीत गोठत्या पावसाने गाठलं की अंगावर बर्फ चढतो आणि पक्षी खाली येतो. कधी ओला डांबरी रस्ता वरून पाण्यासारखा चमकतो आणि तो त्यावरच उतरतो. 2023 च्या एप्रिलमध्ये शेजारच्या विस्कॉन्सिनमध्ये असे लून रस्त्यांवर, अंगणांत, वाहनतळांवर पडले होते. एकदा जमिनीवर आला की संपलं. पाय शरीराच्या पार मागे, शेपटीपाशी. पाण्यात त्या पायांचा जोर बघत राहावा असा, पण जमिनीवर त्याला धड उभंही राहता येत नाही. उडायला पाण्यावर धावत जावं लागतं, वारा नसला तर शंभर-दोनशे मीटर सहज. हाडं बरीचशी भरीव आणि अंगाच्या मानाने पंख लहान. जमिनीवरून लून उठतच नाही.

दहा वाजेपर्यंत सात लून आले. आणणाऱ्या प्रत्येकाने तेच सांगितलं, “पाय मोडलेत, चालता येत नाही.” सातांपैकी एकाचाही पाय मोडला नव्हता. एका कुटुंबाने तर पक्षी सापडल्यावर शेतातल्या तळ्यात सोडला होता. हेतू चांगला, पण त्या डबक्यातून तो उन्हाळा संपला तरी उडाला नसता. त्याला परत पकडायला आमची दोन माणसं होडी आणि जाळं घेऊन दीड तास तिथेच अडकली. लोकांनी पक्ष्याला काही करायच्या आधी एक फोन करावा, एवढंच मला वाटतं. दर वसंतात सांगतो आम्ही.

लून हाताळायला दोघं लागतात. डोळ्यांवर गॉगल, कारण चोच सुरीसारखी असते आणि तो नेम धरतो समोरच्याच्या डोळ्यांवर. मागून जायचं, डोक्यावर टॉवेल टाकायचा, पंख मिटवून अंगाशी धरायचे आणि पक्षी काखेत असा घ्यायचा की चोच आपल्या पाठीकडे राहील. गवत किंवा पेंढा जवळपास नको. त्यातल्या बुरशीचे कण कोंडलेल्या लूनच्या फुप्फुसात गेले की आठवड्याभरात पक्षी हातचा जातो. कठीण जमिनीवर ठेवला तर छातीच्या हाडावर जखम होते. शिटेने पिसं माखली तर त्यांच्यातून पाणी आत शिरतं. म्हणून तो जाळीवर ठेवायचा, आणि शक्य तितक्या लवकर पाण्यावर सोडायचा. प्रत्येक तास त्याला महाग पडतो. आमच्या ज्येष्ठ डॉक्टरांचं हे पहिलं वाक्य, आणि ते खरं आहे.

पाचवा एका किराणा दुकानाच्या वाहनतळावरून आला. वजन 4.4 किलो, बांध्यावरून बहुधा नर. डाव्या पावलाच्या पडद्याला डांबराने खरवडलेली बोटभर जखम, बाकी अंग ठणठणीत. टॉवेलखालूनही तो थरथरत्या आवाजात ओरडत होता. माणसं ज्याला वेड्याचं हसू म्हणतात तो आवाज. खरं तर ती भीती असते. टबात सोडला तर ताठ तरंगला, पोटाखालची पिसं कोरडी, लगेच चोचीने पिसं नीट करायला लागला. एवढं दिसलं की आम्ही खूश असतो.

रक्त घेतलं. काचेच्या बारीक नळीत भरून फिरवलं, लाल पेशींचं प्रमाण छान निघालं. मूळ नळीत थोडं रक्त उरलं होतं. शिशाची तपासणी करायला दोन थेंब पुरतात. वीतभर लांबीचं यंत्र, एक पट्टी, तीन मिनिटं. पट्ट्या चारच उरल्या होत्या. नव्या डब्याची मागणी मी मार्चमध्ये दिली होती आणि ती मंजुरीच्या कागदांत पडून होती. शिकारीच्या हंगामात मारलेल्या हरणांची आतडी जंगलात टाकलेली असतात, त्यातले गोळीचे कण खाऊन विषबाधा झालेले गरुड आमच्याकडे एप्रिलपर्यंत येत राहतात. त्यांच्यासाठी पट्ट्या राखून ठेवायच्या असं मी ठरवलं. मला कोणी सांगितलं नव्हतं. एक्स-रे आम्ही पक्षी सुस्त असला किंवा हाड मोडल्याची शंका असली तरच काढायचो. हा सुस्त नव्हता. बाहेर अजून तीन पक्षी तपासायचे होते. नळी मी कचऱ्याच्या डब्यात टाकली.

दुसऱ्या दिवशी परवानाधारक सहकारी आली आणि तिने पाचव्याच्या पायात धातूचं कडं चढवलं. लूनचा पाय बाजूंनी सुरीच्या पात्यासारखा चपटा असतो, पाणी कापायला. कडं त्या बेताने बसवावं लागतं.

सोडायचा कुठे? आमच्या भागातली तळी अजून गोठलेली होती. मी 90 किलोमीटर दक्षिणेचं एक तळं निवडलं. लांब, सरळ पाणी, धक्क्यापर्यंत गाडी जाते. धक्का आणि त्याच्या पलीकडचा पूल दोन्ही मासेमारांच्या आवडीच्या जागा, हे मला माहीत होतं. पाण्यात ठेवल्याबरोबर त्याने बुडी मारली आणि मिनिटाभराने पार मध्यावर वर आला. मग अंग उंच करून दोन्ही पंख झाडले. लांबून दुसऱ्या लूनने हाक दिली तेव्हा याने मान लांब करून त्यांचा तो चढत-उतरत जाणारा आवाज काढला. तो फक्त नर काढतात, आणि प्रत्येक नराचा वेगळा असतो. मी मोबाइलवर तो टिपून घेतला. तो आवाज अजून माझ्याकडे आहे.

बाराव्या दिवशी फोन आला. त्याच तळ्याच्या काठी घर असलेले एक आजोबा. “लून किनाऱ्यावर येऊन बसलाय. मी जवळ गेलो तरी हलत नाही.” मी लगेच निघाले. लून माणसाला हात लावू देतो याचा अर्थ एकच असतो. आजोबांनी त्याला खोक्यात आपल्या लोकरी कोटात गुंडाळून ठेवलं होतं. चोच उघडी, पंख सैल पडलेले, शेपटीखालची पिसं हिरवी माखलेली. पायात कडं होतं. पावलाच्या पडद्यावरची जखम छान भरली होती.

वजन 3.5 किलो. आता पट्टी वापरली. रक्ताच्या डेसिलिटरला 65 मायक्रोग्रॅम शिशाच्या पुढे यंत्र आकडा दाखवत नाही, नुसतं ‘हाय’, म्हणजे ‘जास्त’, लिहून येतं. तेच आलं. एक्स-रेमध्ये पेषणीत, म्हणजे पक्ष्याच्या अन्न दळणाऱ्या जठरात, खडे करड्या ढगासारखे दिसत होते, लून माशांची हाडं दळायला खडे गिळतात. त्या करड्यात एक गोल ठिपका, हाडांपेक्षा कितीतरी पांढरा, कडा रेखीव.

औषध सुरू केलं, शिशाला धरून मूत्रपिंडावाटे बाहेर काढणारं. पण ती शिशाची गोळी आत आहे तोवर औषध एका बाजूने काढणार आणि पोटातलं आम्ल दुसऱ्या बाजूने विरघळवत राहणार. रात्री आठला भूल दिली. श्वासनलिकेत नळी, टेबल डोक्याकडे उतरतं, दुसरी नळी पेषणीपर्यंत. कोमट पाणी सोडायचं, पोट हलकेच दाबायचं, पाणी बाहेर येऊ द्यायचं. खाली मी चहाची गाळणी धरली होती. पहिल्या वेळी माशाची हाडं आणि चिंगाटीच्या कवचाचे तुकडे. मग मसुराएवढे खडे, हरभऱ्याएवढे खडे, तांबूस, काळे, एक अगदी पांढरा गारगोटीचा. पाऊण तास. शेवटी गाळणीत टक् असा आवाज झाला. खड्यांचा आवाज तसा येत नाही.

मटाराच्या दाण्याहून लहान गोळी. आपल्याकडे गळाला शिसं बांधतात तेच. दोरी दाबून बसवायची खाच अजून दिसत होती, पण कडा गुळगुळीत झाल्या होत्या. पक्षी भुलीतून बाहेर आला. लाल डोळा उघडला, टॉवेलखाली मान थोडी उचलली. पहाटे चारच्या सुमारास गेला. तंत्रज्ञ मुलगी माझ्या आधी उठून बघून आली आणि तिने मला काही न सांगता दिवा बंद केला.

सकाळी आजोबांना फोन केला. दुपारी ते आपला मासेमारीचा डबा घेऊन दवाखान्यात आले. एका कप्प्यात तशाच गोळ्या, त्यांच्या वडिलांच्या वेळच्या. “मग वापरायचं काय?” म्हणाले. कथील, पोलाद, टंगस्टन, मी सांगितलं. टंगस्टन परवडत नाही, म्हणाले, कथील बघतो. मला त्यांचा राग आला नाही. राग येतो तो दुकानात या गोळ्या अजून मांडलेल्या असतात त्याचा. न्यू हॅम्पशरने 2000 सालीच यावर मर्यादा घातली आणि 2016 पासून एक औंसापर्यंतच्या शिशाच्या वजनांची विक्री आणि वापर दोन्ही बंद केले. आमच्याकडे लून सरकारी कागदांवर आहे, गाडीच्या नंबरपाटीवर आहे, आणि सरसकट बंदी नाही. माहितीपत्रकं वाटतात. तळाशी पडलेलं शिसं पत्रकं वाचून वर येत नाही.

माझा प्रश्न मात्र त्या खाचेपाशीच अडकलाय. पाचवा वाहनतळावर पडला तेव्हाच गोळी त्याच्या पोटात होती का? असेल तर माझ्या हातातल्या नळीत उत्तर होतं, आणि तेव्हा त्याच्याकडे वजन होतं, ताकद होती. की मी निवडलेल्या तळ्याच्या तळातून, त्या पुलाखालून, खडा समजून त्याने ती उचलली? ज्येष्ठ डॉक्टरांना गोळी दाखवली. त्यांनी ती भिंगाखाली फिरवून बघितली आणि म्हणाल्या, “झीज बघून दिवस सांगता येत नाहीत. पेषणीत खडे किती, आम्ल किती, गोळी आधीच तळाशी किती झिजलेली, सगळं यात आलं. तू नियमाप्रमाणे वागलीस.” मी नियमाप्रमाणे वागले हे खरंय. तो नियम दोन आठवड्यांनी मी बदलून घेतला. आता प्रत्येक लूनची शिशाची तपासणी होते. एका सहकाऱ्याला हे अजून पटलेलं नाही. त्याच्या मते गर्दीच्या दिवशी पक्षी तेवढा जास्त वेळ हातात राहतो आणि त्याने नुकसानच होतं. त्याचंही चूक आहे असं मला ठामपणे म्हणता येत नाही.

नव्या पट्ट्यांचा डबा मेअखेर आला. जुन्या चारांचा हिशेब नोंदवहीत आहे. एक त्या आठवड्यात आलेल्या गरुडाला लागली, एक बाराव्या दिवशी पाचव्याला. उरलेल्या दोन कपाटात तशाच होत्या. जूनमध्ये त्यांची मुदत संपली, तेव्हा मीच त्या फेकून दिल्या.